एंजिन का थांबते? दोन जुन्या प्रश्नांचा इतिहास

हिरवळ कापण्याच्या यंत्राचे लहानसे एंजिन सुरू होत नसेल तर काय करावे, हा व्याख्यानमालेचा विषय कसा होऊ शकतो, असे काही श्रोत्यांना वाटेल. ते काम मिस्त्रीचे. इतिहासाचा त्याच्याशी काय संबंध? मला मात्र असे दाखवावयाचे आहे की, चारचारदा दोरी ओढूनही मुके राहणारे हे एंजिन आपल्यापुढे जे प्रश्न टाकते, ते त्याच्या जन्माइतकेच जुने आहेत. ते कसे सुटले हे ठाऊक असले, म्हणजे बिघाड शोधण्याची रीतही आपोआप हाती येते.

यंत्र आधी आले, एंजिन पुष्कळ नंतर. इंग्लंडातील स्ट्राउड गावच्या परिसरात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारी यंत्रे तेथे चालत. त्यांवरून एडविन बडिंग या कारागिराला कल्पना सुचली, की कापडाची लव कातरता येते तर जमिनीवरची का नाही? इ. स. १८३० मध्ये त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे सत्तर वर्षे हे यंत्र माणसांनी ढकलले आणि घोड्यांनी ओढले. इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले ते १९०२ साली. इतका उशीर का झाला? कारण तोवर पेट्रोलचे एंजिन स्वतःच दोन कोड्यांत अडकलेले होते.

एंजिनाचे काम समजण्यास अवघड नाही. हवा आणि पेट्रोलची वाफ योग्य प्रमाणात मिसळावयाची, ते मिश्रण दट्ट्याने दाबावयाचे आणि नेमक्या क्षणी पेटवावयाचे. दाब देण्याचा मार्ग जर्मनीतील ओटो याने १८७६ मध्ये दाखवून दिला. उरले दोन प्रश्न: पेटवावे कसे, आणि मिसळावे कसे? ओटोच्या एंजिनात सरकत्या झडपेतून ज्योत आत सोडीत. डाइमलरने एक नळी बाहेरून तापवून लाल ठेवण्याची युक्ती काढली. पण तापलेल्या नळीला नेमका क्षण कोण सांगणार? कार्ल बेंझने बॅटरी व कॉइल वापरून विजेची ठिणगी पाडली. इंधनाच्या बाबतीत मात्र तो हवा नुसती द्रवाच्या पृष्ठावरून नेई. हलका अंश आधी उडून जाई, जड मागे राही, आणि मिश्रण सारखे बदलत असे.

अशा अवस्थेत, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, बेंझची पत्नी बेर्टा आपल्या दोन मुलांना घेऊन पतीच्या नकळत त्याच्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे आपल्या माहेरी, निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने कपड्यांवरचे डाग काढण्याचा द्रव विकत घेतला, कारण गाडी त्यावरच चालत असे. पुढे इंधनाची नळी तुंबली. ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली. तिच्यावर तिने आपल्या मोज्याचा बंद गुंडाळला. एक बिघाड इंधनाचा, दुसरा ठिणगीचा! एंजिनाची दोन्ही कोडी एकाच प्रवासात तिच्यापुढे उभी राहिली, आणि यंत्रशाळेची पायरी न चढलेल्या या बाईने ती हाताशी असलेल्या वस्तूंनी सोडविली. पतीचा धंदा अडचणीत असताना तो तिच्या माहेरच्या पैशाने सावरला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. शोधकांच्या नामावळीत अशांचे नाव मागाहून लिहिले जाते.

यानंतर कायमचे उपाय आले. १८९३ मध्ये मायबाखने बारीक छिद्रातून पेट्रोलचा फवारा हवेत सोडणारा कार्ब्युरेटर बनविला. त्याच सुमारास हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही तीच वाट धरली. ठिणगीच्या बाजूने रॉबर्ट बॉशने १८८७ पासून मॅग्नेटोवर काम केले, आणि १९०२ मध्ये त्याचा सहकारी होनोल्ड याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्याबरोबरचा प्लग सिद्ध केला. रॅन्सम्सचे यंत्र त्याच वर्षीचे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे लहान एंजिनांत लोहचुंबक थेट फिरत्या चाकातच बसविला गेला आणि बॅटरीची गरजच सरली. दोरी ओढली की चाक फिरते, चुंबक कॉइलजवळून जातो, पॉइंट उघडतात आणि प्लगमध्ये ठिणगी पडते.

परंतु प्रत्येक उपायाने आपला रोगही बरोबर आणला. फवाऱ्याचे छिद्र केसासारखे बारीक. यंत्र काही महिने पडून राहिले, की आतले पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. उसापासून व धान्यापासून केलेल्या इथेनॉलचे पेट्रोलमधील प्रमाण भारतात २०२५ साली २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि साठून राहिलेल्या इंधनात ते पाणी तळाशी बसते. ठिणगीच्या बाजूने पाहावे तर पॉइंटांवर गंज चढतो आणि प्लगवर काजळी बसते.

म्हणून तपासणी इतिहासाच्याच वाटेने करावी. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधन पोचत नाही: टाकी, नळी, कार्ब्युरेटरचे छिद्र, या क्रमाने पाहावे. एंजिन सुरू होऊन काही मिनिटांनी थांबत असेल, तर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे काय, ते पाहावे; झाकण सैल करताच एंजिन चालू लागले तर दोष सापडला. प्लग ओला असेल तर इंधन येते आहे, कदाचित जास्तच. मग ठिणगीकडे वळावे. प्लग तारेला जोडून एंजिनाच्या धातूला टेकवावा आणि दोरी ओढावी. मात्र प्लगचे भोक व सांडलेले पेट्रोल यांपासून तो दूर असावा. ठिणगी आहे आणि इंधनही आहे, तरी एंजिन चालत नसेल, तर पाते दगडावर आदळून चाकाची लहानशी चावी तुटली असण्याचा संभव असतो. ठिणगी पडते, पण अवेळी! आणि पात्याला हात लावण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला ठेवावी, हा नियम कधीही मोडू नये.

१९८० नंतर पॉइंट जाऊन त्यांच्या जागी बंद इलेक्ट्रॉनिक पेटी आली. ती क्वचित बिघडते, पण बिघडली की उघडता येत नाही. सबंध बदलावी लागते. स्कूटर आडवी करून, प्लग पॉलिश कागदाने घासून ती सुरू करणारी आपली पिढी हे जाणते की, सोय वाढली तशी ओळख कमी झाली. सोयीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण पेटी बंद झाली म्हणून प्रश्न विचारण्याची सवयही बंद व्हावी, असे नाही. बेर्टा बेंझजवळ पाना नव्हता. काय अडले आहे ते आधी ओळखावे, मग हात घालावा, एवढी समज होती. दोरी ओढून दमलेल्या माणसाला आजही प्रथम तीच उपयोगी पडते.