बटणं, काच आणि मावळातला पाऊस

जानेवारी संपत आला की पवन मावळातल्या पॉलिहाऊसवाल्यांना दिवस पुरत नाही. गुलाब काढायचा, पॅकहाऊसमध्ये आणून दांड्याच्या लांबीप्रमाणे निवडायचा, चाळीस सेंटिमीटरचा वेगळा, पन्नासचा वेगळा, साठचा वेगळा. मग वीस-वीस फुलांच्या गड्ड्या बांधून थंड खोलीत ठेवायच्या. व्हॅलेंटाईन डेचा माल थोडा मुंबईच्या विमानतळावरून परदेशी जातो, थोडा दादरच्या आणि इतर शहरांच्या फूलबाजारांत. हा सगळा व्यवहार फोनवर चालतो. कोणत्या लांबीच्या किती गड्ड्या, दर काय, गाडीचा नंबर काय, पैसे कोणत्या खात्यात, सगळं लिहून पाठवायचं. यातला एक आकडा चुकला तर माल भलतीकडे जातो किंवा भलत्या दराने जातो, आणि काढलेलं फूल वाट पाहत नाही.

म्हणून धंद्यासाठी फोन घेताना 'लिहायला कसा आहे' हा प्रश्न कॅमेऱ्याच्या आधी विचारायला हवा. पंधरा वर्षांपूर्वी दुकानात तीन उत्तरं मिळत होती: बटणांचा फोन, टचचा फोन, आणि टच असून शिवाय खाली खरी बटणं असलेला फोन. तिसरा प्रकार साहेबी समजला जाई. त्याचं आकर्षण अजून सरलेलं नाही, मेल आणि मेसेज भराभर लिहिणारे लोक आजही त्याची चौकशी करतात. माझं मत आधीच सांगतो. मराठीत व्यवहार लिहिणाऱ्याला या बटणांनी कधीच पुरतं आपलं मानलं नाही, आणि त्याचं कारण फोनच्या जन्माआधीच्या शंभर वर्षांत आहे.

अमेरिकेत मिलवॉकी शहरात ख्रिस्तोफर लॅथम शोल्स नावाचा छापखान्यातला माणूस होता. त्याने साथीदारांबरोबर १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ पासून विकायला आणलं. त्यावर फक्त मोठी इंग्रजी अक्षरं उमटत. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ मध्ये शिफ्टची कळ आली आणि एका कळीवर दोन अक्षरं बसू लागली. 'क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय' ही मांडणी याच वर्षांत घडली. यंत्राच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ती तशी केली, असं सगळीकडे सांगतात. क्योतो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये वेगळं मांडलं: तारेचा कडकट्ट ऐकून मजकूर उतरवणाऱ्या तारमास्तरांच्या सोयीने अक्षरं हलत गेली. मला हे दुसरं कारण जास्त पटतं. यंत्र विकत घेणारे पहिले लोक कामाचे होते, आणि काम करणाऱ्याच्या बोटांनी यंत्राला आकार द्यावा हे स्वाभाविक आहे.

त्या काळात मावळात व्यवहार कशात लिहिला जात होता? मोडीत. देशमुख-कुलकर्ण्यांची दप्तरं, सावकाराची खातेवही, वसुलीची यादी, सगळं बोरू न उचलता सरसर लिहिलेल्या मोडीत. मराठी माणसाची धंद्याची वेगवान लिपी तीच होती. तिचे खिळेही पाडले गेले होते: सेरामपूरला विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला. पण पुढे पुस्तकांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, धरली, शाळांनी बाळबोध धरली, आणि विसाव्या शतकात मोडीचं शिक्षण थांबलं. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ मध्ये, ती रोज लिहिणारा व्यापारी उरला नव्हता तेव्हा. ज्या लिपीत आपण झरझर हिशेब लिहीत होतो ती कळीवर कधी चढलीच नाही, ही हळहळ मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त वाटते.

बाळबोध तरी कळीवर सहज चढली का? नाही. छापखान्यात देवनागरीच्या एका संचाला काहीशे खिळे लागत. काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाची सोय वेगळी. ही संख्या कमी व्हावी म्हणून लोकमान्य टिळकांनी 'केसरी'च्या छापखान्यासाठी खटपट केली. पुढे लिपीसुधारणेच्या चळवळींमागेही हीच अडचण होती. टंकलेखन यंत्राला तर चाळीस-पंचेचाळीसच कळा. शिफ्ट धरून नव्वदएक चिन्हं. त्यात देवनागरी बसवणाऱ्यांनी केलेली युक्ती हुशारीची होती. अक्षर अर्धं ठेवायचं आणि उभा दंड वेगळा मारायचा: 'ण्' एका कळीवर, काना दुसऱ्या कळीवर, दोन्ही मिळून 'ण'. उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा मुक्या केल्या, म्हणजे त्या दाबल्या तरी कागद धरणारी गाडी पुढे सरकत नसे. त्यामुळे चिन्ह आणि अक्षर एकाच जागेवर बसत.

यातून एक सवय घडली. यंत्रावर मराठी लिहिणारा डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने लिही. 'कि' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग क. 'र्म' लिहायचा तर आधी म, मग वर रफार. गावोगावच्या टायपिंग क्लासांतून परीक्षा परिषदेच्या मराठी ३० आणि मराठी ४० शब्दांच्या परीक्षा देणाऱ्या पिढ्यांच्या बोटांत हा क्रम मुरला. गोदरेजने १९५५ मध्ये देशी यंत्र बाजारात आणलं आणि पुढे कचेरीकचेरीत त्याचाच खडखडाट ऐकू येऊ लागला.

संगणक आला तेव्हा हा क्रम उलटला, आणि त्या उलथापालथीत मावळातल्या लोणावळ्याहून तासाभरावरच्या पुण्याचा मोठा वाटा आहे. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे यांच्या गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं जे काम केलं होतं, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलं. त्याच दशकात सरकारने इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क जिथे, शिफ्टसह तिथेच ख. ग जिथे, तिथेच घ. आणि क्रम बोलण्याचा: आधी क, मग वेलांटी. 'र्म' साठी आधी र, मग हलन्त, मग म. दाखवायचं कसं ते यंत्र बघेल. देवनागरी, गुजराती, कन्नड, बंगाली, सगळ्यांना एकच मांडणी. आपल्या वर्णमालेची मूळची शिस्त यंत्राच्या कामी आली ती इथे पहिल्यांदा. या कामाचं मोल आपण पुरेसं मान्य केलेलं नाही. आज फोनवर मराठी अक्षर ज्या सांकेतिक क्रमाने साठवलं जातं त्याची घडण याच काळातल्या भारतीय प्रमाण संकेतावरून युनिकोडने घेतली.

हे पुण्यात चालू असताना फोन मात्र शोल्सच्या घराण्यातच वाढत होता. १९९६ चा नोकिया ९००० कम्युनिकेटर उघडला की आत छोटा इंग्रजी कळफलक निघे. १९९९ मध्ये कॅनडातल्या रिसर्च इन मोशनचा दोन अंगठ्यांनी लिहायच्या बटणांचा पेजर आला आणि ब्लॅकबेरीचं युग सुरू झालं. भारतात एअरटेलने ब्लॅकबेरी आणला २००४ मध्ये. नंतर नोकियाचा ई-७१, ब्लॅकबेरी कर्व्ह, स्वस्तातला नोकिया सी-३ असे फोन आले आणि मुंबई-पुण्यात ये-जा करणाऱ्या माणसाच्या हातात अंगठ्यांची बटणं दिसू लागली. यांची खरी ताकद स्पर्शात होती. बटण दाबलं गेलं हे बोटाला कळतं, डोळ्याने पाहावं लागत नाही. पण ब्लॅकबेरीत आकड्यांची वेगळी ओळ नव्हती, आकडे अक्षरांच्याच बटणांवर, दुसरी कळ धरून काढावे लागत. पत्रं लिहिणाऱ्याला ते चालून जाई. दिवसभर दर आणि नग लिहिणाऱ्याला ते जाचतं.

आणि त्या बटणांवर मराठी नव्हती. नोकियाच्या इथे विकल्या गेलेल्या कित्येक साध्या फोनांच्या आकड्यांशेजारी देवनागरी अक्षरं छापलेली असत, पण एका आकड्यावर चार-पाच अक्षरं, हव्या त्या अक्षरासाठी तेवढ्या वेळा दाबायचं. त्यात मेसेजचा हिशेब आडवा आला. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येक वेगळं मोजलं जातं, म्हणजे 'मी' ही दोन आणि 'गाडी' ही चार. तोच मजकूर देवनागरीत लिहिला तर दोन-तीन मेसेजचे पैसे. धंदेवाल्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली यात भाषेविषयीची उदासीनता शोधू नये. त्याने खर्च पाहिला आणि बटणं पाहिली.

टच आणि बटणं एकत्र देणाऱ्या फोनांचा काळ छोटा होता. २०१० चा ब्लॅकबेरी टॉर्च, बटणं सरकवून बाहेर काढायचा. २०११ चा बोल्ड ९९००, वर काच आणि खाली बटणं. त्याच वर्षी नोकियाने आशा ३०३ जाहीर केला, हीच जोडी कमी किमतीत. पुढे अँड्रॉइडवर चालणारा ब्लॅकबेरीचा प्रिव्ह. २०१७ मध्ये कीवन, जो इथे ऑप्टिमस कंपनीने ३९,९९० रुपयांना विकला. कीवनची बटणं बोट फिरवलं तरी ओळखत, पान वरखाली करता येई. इतकी विचारपूर्वक केलेली वस्तू क्वचित होते. तरी २०२० मध्ये या फोनांची विक्री थांबली आणि ४ जानेवारी २०२२ ला ब्लॅकबेरीने स्वतःच्या जुन्या प्रणालीवरच्या फोनांची सेवाही बंद केली.

तोवर काचेने दुसरीच गोष्ट करून दाखवली होती. २००७ मध्ये आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्सने आक्षेप घेतला तो नेमका याच मुद्द्यावर: प्लॅस्टिकची बटणं फोन विकल्यावर बदलता येत नाहीत. त्याच्या मनात वेगवेगळी ॲप होती. मला त्या वाक्याचा खरा अर्थ आपल्याकडे दिसतो. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने स्वीकारलं १५ जुलै २०१० रोजी. त्याआधी छापलेल्या एकाही बटणावर ते असणं शक्य नव्हतं. काचेवर ते एका अपडेटने आलं. आणि २०१३ मध्ये आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रातून प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने स्वरचक्र आणलं. क वर बोट टेकवलं की भोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु, कू. हवं त्या दिशेला बोट सरकवायचं, अक्षर तयार. क्लास नाही, परीक्षा नाही, ज्याला बाराखडी येते त्याला लिहिता येतं. छापील बटणावर हे करणं अशक्य होतं. पुढे गूगलचा कळफलक आला आणि ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून लिहिण्याची सोयही. भारतीय मानक आयएस १६३३३ नुसार इथे विकल्या जाणाऱ्या फोनात भारतीय लिप्या वाचता येणं आणि इंग्रजी-हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येणं आता बंधनकारक आहे. व्हॉट्सॲपवर ७० अक्षरांची अटही उरली नाही.

पण लोणावळ्यात पाऊस आहे. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा, ज्याच्या भरवशावर टाटांनी वळवणसारखी धरणं बांधून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तो पाऊस. आजच्या फोनची काच बोटातून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते. पाण्याचा थेंबही वीज वाहतो, म्हणून ओल्या काचेला बोट कुठलं आणि थेंब कुठला हे कळत नाही. मधलेच आकडे पडतात, पान आपोआप सरकतं. थंड खोलीत दोन-चार अंशांवर हातमोजे घालून काम करणाऱ्याचीही तीच अडचण, मोज्याआडचं बोट काचेला लागतच नाही. इथे प्लॅस्टिकचं बटण अजून जिंकतं. पावसाळ्यात भात लावणीला माणसं बोलावणारे किंवा घाटात गाडी अडली की फोन करणारे लोक खिशात दुसरा साधा बटणांचा फोन ठेवतात, त्यामागे काटकसर असेल तेवढाच हा अनुभव आहे.

आजही खरी बटणं असलेला टचचा फोन मिळतो. युनिहर्ट्झ टायटनसारखे फोन आहेत, २०२४ पासून आयफोनला लावायचं क्लिक्सचं बटणांचं कव्हर आहे. इंग्रजी पत्रव्यवहार जास्त असलेल्या निर्यातदाराने ते जरूर पाहावेत. मात्र बटणांवर अक्षरं इंग्रजीच असतील. मराठी लिहायची तर इंग्रजी स्पेलिंग दाबून मराठी उमटवायची सोय त्या फोनात बटणांवरून चालते का, की मराठीसाठी पुन्हा काचेवरच जावं लागतं, हे दुकानात लिहून पाहावं. इनस्क्रिप्ट बोटात बसलेल्याने आपली मांडणी निवडता येते का ते पाहावं. आणि फोन साध्या टचचा घ्यायचा असेल तर 'कृषी', 'ज्ञानेश्वर', 'दऱ्या' आणि '₹' हे चार लिहावेत. 'दऱ्या'तला ऱ्य नीट येतो का ते नीट निरखावं, मराठीची म्हणून सांगितलेली सोय खरी की हिंदीवरून उचललेली ते तिथेच कळतं. आकड्यांची ओळ कायम दिसेल असं सेटिंग चालू करावं. शेवटी दुकानदाराकडे पाण्याचा ग्लास मागावा, बोट बुडवावं, आणि ओल्या बोटाने गाडीचा पूर्ण नंबर लिहून पाहावा.