कामाच्या तासांची मर्यादा : मुंबईच्या कापडगिरण्यांतील

कारखान्यात कामगाराकडून दिवसाकाठी वा आठवड्याकाठी जास्तीत जास्त किती तास काम करून घ्यावे, यासंबंधी कायद्याने घातलेले बंधन. भारतात या प्रश्नाची पहिली मोठी चर्चा मुंबईच्या कापडगिरण्यांच्या संदर्भात झाली. अशा बंधनाने उत्पादन घटेल व धंदा परदेशी स्पर्धेत टिकणार नाही, असा मालकवर्गाचा आक्षेप बहुतेक प्रस्तावांच्या वेळी पुढे आला. प्रत्यक्षात माणसाचे कामाचे तास कमी होत गेले, तर यंत्राचे वाढत गेले. या धंद्याच्या इतिहासातील हा सर्वांत लक्षणीय परिणाम होय.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. सुरुवातीच्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. मुंबईचे दिवसमान उन्हाळ्यात सुमारे तेरा, तर हिवाळ्यात सुमारे अकरा तासांचे असल्याने कामाचे तास ऋतुमानाप्रमाणे बदलत. स्त्रिया व लहान मुलेही याच वेळापत्रकाला बांधलेली असत. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. परंतु कायद्याची मागणी इंग्लंडमधील लँकाशरचे गिरणीमालकही करीत असल्याने तिच्या हेतूविषयी येथे संशय होता. भारतीय गिरण्यांची वाढ रोखण्याचा हा डाव आहे, असे राष्ट्रीय वृत्तीच्या अनेक पत्रांचे मत होते. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मात्र कामगारांच्या दृष्टीने कायद्याचा पाठपुरावा केला. १८८१ चा पहिला कारखाना अधिनियम अगदी मर्यादित होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढांच्या तासांना त्याने हात लावला नाही.

कायद्याच्या मागणीमागे केवळ लँकाशरचा स्वार्थ आहे, या आक्षेपाला खरे उत्तर कामगारांकडूनच मिळाले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा झाल्या. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, अशा मागण्यांच्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या अधिनियमाने ती कायदेशीर झाली. स्त्रियांना अकरा व मुलांना सात तासांची मर्यादा मिळाली. प्रौढ पुरुष मात्र अजूनही मोकळाच राहिला होता.

या उणिवेचे परिणाम विजेच्या दिव्यांनी उघड केले. सूर्यास्ताचे नैसर्गिक बंधन नाहीसे होताच १९०५ च्या सुमारास तेजीच्या काळात काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १९०७ मध्ये नेमलेल्या कारखाना कामगार आयोगाला असे आढळले, की इतके तास अखंड काम करणे कामगाराला शक्यच नसते. तो अधूनमधून यंत्र सोडून बाहेर रेंगाळतो. दीर्घ दिवस हा काही अंशी नावापुरताच होता, असा याचा अर्थ. तरीही प्रौढ पुरुषांच्या तासांवर थेट बंधन घालण्यास आयोगाच्या बहुमताने विरोध केला. मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिकेत थेट मर्यादेचा आग्रह धरला. अखेर १९११ च्या अधिनियमाने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली.

आठवडा हे मर्यादेचे माप पहिल्या महायुद्धानंतर रूढ झाले. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आठवड्याला ४८ तासांचे तत्त्व स्वीकारले. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र ६० तासांची सवलत ठेवली. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस सुरू झाला. म्हणजे १९२२ च्या अधिनियमातील ६० तासांच्या आठवड्याने मुंबईपुरते संपाने मिळालेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर १९३४ च्या अधिनियमाने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास, तर १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तास ठरविले. १९४८ च्या अधिनियमाने हीच मर्यादा कायम करून जादा कामाला दुप्पट वेतन बंधनकारक केले.

स्पर्धेची भीती सर्वस्वी निराधार नव्हती. १९२६-२७ च्या जकात मंडळापुढे जपानचे उदाहरण ठळकपणे आले. तेथील गिरण्या स्त्रियांना रात्रपाळीत लावून दोन पाळ्या चालवीत. त्यामुळे भांडवलाचा खर्च अधिक उत्पादनावर विभागला जाई. मुंबईच्या गिरण्या तेव्हा प्रायः एकाच पाळीत चालत. या अडचणीचे उत्तर तास वाढविण्यात नव्हे, तर पाळ्या वाढविण्यात सापडले. १९३० नंतरच्या दशकात दुसरी पाळी पसरली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाला मागणी वाढल्यावर तिसरीही. आठ तासांची पाळी झाल्यानेच तीन पाळ्यांत चोवीस तास यंत्र चालविणे सोयीचे झाले.

या बदलाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. स्त्रियांना रात्रीच्या कामास मनाई असल्याने बहुपाळी पद्धतीत त्यांना सामावून घेणे मालकांना गैरसोयीचे वाटू लागले. इतर कारणांबरोबर यामुळेही गिरण्यांतील त्यांचे प्रमाण घटले. उक्त्या दराने मजुरी मिळणाऱ्या विणकरांची मिळकत, दर वाढल्याशिवाय, तासांबरोबर घटण्याचा धोका असे. मुलांच्या बाबतीत एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करवून मर्यादा चुकविली जाई. त्यासाठी १९२६ मध्ये पालकांनाही शिक्षेस पात्र ठरवावे लागले.

तासांच्या मर्यादेची परिणामकारकता तिच्या व्याप्तीवर अवलंबून असते. १९८२ च्या प्रदीर्घ संपानंतर मुंबईच्या गिरण्या झपाट्याने बंद पडत गेल्या आणि कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी यांसारख्या यंत्रमागकेंद्रांकडे अधिकाधिक वळले. तेथील अनेक लहान घटक कारखाना अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिले व बारा तासांची पाळी तेथे सर्रास रूढ झाली. परळच्या सभांनंतर शंभर वर्षे उलटली, तरी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा जुना दिवस कापडधंद्यातून पुरता नाहीसा झाला नव्हता. त्याने केवळ जागा बदलली होती.