मुरंबा ते रिद्धपूर : जोडलेल्या बळाचा इतिहास

भारतीय महासंगणकाच्या इतिहासात पुण्याचे नाव प्रथम येते. त्याचे एक टोक मात्र वऱ्हाडात आहे. विजय भटकर यांचा जन्म १९४६ साली अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या गावी झाला. हव्या त्या ताकदीचा क्रे महासंगणक देण्यास अमेरिकेने नकार दिला, त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. भटकरांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला.

या यंत्राचे बळ ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक लहान प्रक्रियकांत काम वाटून देण्यात होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत. गणन स्वस्त आणि संवाद महाग, हा समांतर गणनाचा पहिला धडा होय.

तोच धडा ग्राफिक्स कार्डालाही लागू पडतो. २००७ साली एनव्हिडियाने 'कुडा' उपलब्ध करून दिल्यावर खेळांच्या चित्रांसाठी घडलेली कार्डे सर्वसाधारण गणनाला वापरणे सुकर झाले. २०१२ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी 'अ‍ॅलेक्सनेट' हे जाळे बाजारात मिळणाऱ्या दोन कार्डांवर शिकवले. २०१५ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ३ मुळे असे कार्ड बाहेरच्या पेटीत ठेवून लॅपटॉपला जोडणे सोपे झाले. सेकंदाला ४० गिगाबिट ही ती वाट डेस्कटॉपमधील खाचेच्या मानाने अरुंदच. तथापि जाळे एकदा कार्डाच्या स्मृतीत मावले, की पुढे विदेचे हप्तेच तेवढे ये-जा करतात. स्मृती अपुरी पडली, तर सारा लाभ वाटेतच सरतो. पेटीला पंखा आणि वीजपुरवठा स्वतंत्र असतो. अकोल्याच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात ही गोष्ट गौण नव्हे.

साहित्याच्या अभ्यासकांनी याकडे का पाहावे? 'तो येऊन राह्यला' हे वऱ्हाडी वाक्य प्रमाण मराठीवर पोसलेले यंत्र चूक समजून 'तो येत आहे' असे सुधारील. ते तसे सुधारू नये, तर त्याला वऱ्हाडी कोणीतरी शिकवली पाहिजे. आणि तयार प्रारूपाला एखादी बोली शिकवण्याचे काम आज एका कार्डावर होऊ शकते. महानुभावांच्या ग्रंथपरंपरेचे स्थान असलेल्या, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. गणनाचे बळ टेबलावर आले आहे. बोलीचे संपादित, विश्वसनीय पाठ सिद्ध करणे हे आपले, भाषेच्या अध्यापकांचे काम आहे. ते आपण केले नाही, तर वऱ्हाडीचे शुद्धलेखन यंत्र ठरवील.