मालिकांतील नग्नता व स्त्रीचे वस्तूकरण
कथेची गरज नसताना स्त्रीदेह केवळ पाहण्याजोगी वस्तू म्हणून दाखवणे. कॅमेरा कोणाच्या नजरेने पाहतो आणि कपडे बहुधा कोणाचे उतरतात, हे त्याचे ठळक निकष. वस्तूकरण पडद्याबाहेरही घडते. मराठी अभिनेत्री राजश्री देशपांडे यांनी नेटफ्लिक्सवरील ‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) या मालिकेत गुंड गणेश गायतोंडेची पत्नी सुभद्रा साकारली. पतिपत्नीच्या जवळिकीच्या प्रसंगातील नग्नतेचा तेवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरवला गेला आणि त्यांची अश्लीलपटातील नटी म्हणून हेटाळणी झाली. प्रसंग दोघांचा, बोल मात्र तिलाच. कायद्याचा आधार घ्यावा, तर स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला मनाई करणारा १९८६ चा कायदा मुख्यतः जाहिराती व छापील प्रकाशने डोळ्यांसमोर ठेवून झाला.