पिणाऱ्याची पाळी

दारू सोडवण्याच्या खटपटीचा वऱ्हाडातला इतिहास मोठा आहे आणि त्यात बोलणारेही पुष्कळ आहेत. कीर्तनकार बोलले, कायदा बोलला, उशिरा का होईना गावच्या बायाही बोलल्या. गप्प राहिला तो पिणारा. वरूडसारख्या तालुक्याच्या गावात दारूतून सुटू पाहणारा माणूस आपल्यासारख्यांची बैठक शोधू लागला, की या गप्प राहण्याशीच त्याची पहिली गाठ पडते. बैठकीचा साचा वऱ्हाडाला मुळीच परका नाही. नवी आहे ती तिथे पिणाऱ्याला मिळणारी बोलण्याची पाळी.

गाडगेबाबांपासून सुरुवात केली तर हे नीट दिसतं. डेबूजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव, जन्म 1876 मध्ये अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. वडील दारूपायी गेले आणि पोर मामाच्या घरी, दापुऱ्याला वाढलं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला भाऊबंदांची अपेक्षा मटण-दारूची असताना त्यांनी गोडाचं जेवण वाढलं. हा प्रसंग नेहमी निग्रहाचं उदाहरण म्हणून सांगतात, पण त्यातला बारकावा वेगळा आहे. बारशाची दारू ही कुणा एकाची चैन नव्हती, पंगतीचा हक्क होता. ती नाकारणं म्हणजे जातभाईंशी वाकडं घेणं. बाबांनी घाव घातला तो रिवाजावर. कीर्तनातही ते समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत आणि गर्दी एका सुरात उत्तर देई. मात्र ते उत्तर आधीच ठरलेलं असे. गर्दीतल्या पिणाऱ्यानेही सर्वांबरोबर होकार दिला, तर रात्री त्याच्या हाताला कंप का सुटतो हे कुणाला कळणार?

तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. वरूडहून तो काही फार दूर नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही दारूने पोळलेले, समोरासमोर बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) जन्माला आली. हा निव्वळ योगायोग, पण गुरुकुंजातली प्रार्थना आणि एएची बैठक शेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला त्यांच्या ग्रामगीतेत स्वतंत्र अध्याय आहे. ठरलेली वेळ, सगळ्या जातींनी एका ओळीत बसणं, दक्षिणा नाही, पुरोहिताची मध्यस्थी नाही. एएच्या बैठकीतही वेळ ठरलेली, फी नाही आणि वर बसणारा गुरू नाही. फरक पडतो तो पुढे. इथे माणूस फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपली हकीकत मांडतो. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. त्याचं झालं की शेजारच्याची पाळी. प्रार्थनेत ‘मी’ समूहात विरघळतो. बैठकीत समूह जुळतो तोच एकेका ‘मी’च्या कबुलीतून.

पिणाऱ्याच्या बोलण्याची ही जागा कायद्यानेही भरली नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात दारूबंदीचा कायदा 1938 मध्ये झाला. वऱ्हाड 1956 मध्ये मुंबई राज्यात आलं, तिथे 1949 चा कायदा होता. या कायद्यांना पिणारा दिसला तो दोनच रूपांत, आरोपी किंवा परवानाधारक. पुढे महाराष्ट्र सरकारने महिलांच्या मतदानाने दारूचं दुकान बंद करण्याची वाट मोकळी केली आणि मतपत्रिकेवरची बंदीची खूण, ‘आडवी बाटली’, गावोगावच्या तोंडी बसली. बायांना आवाज मिळाला, हे मोठंच काम झालं. पण बाटली आडवी झाल्यावर उभा राहू न शकणारा माणूस घरातच उरला.

यावर कुणी म्हणेल, सरसकट बंदीच करा. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1975 पासून बंदी आहे. बंदीने दुकान हटतं, नवं पोर लवकर गुत्त्याकडे वळत नाही, हे खरंच. पण वरूड तालुक्याच्या एका अंगाला वर्धा आणि दुसऱ्या अंगाला मध्यप्रदेश. तलब लागलेल्याला सीमा अडवत नाही. दुसरा आक्षेप असा, की ही बैठक पाश्चात्त्य आणि ख्रिस्ती वळणाची. उगम तसा आहे, पण तिच्यातला ईश्वर ज्याचा त्याने समजून घ्यायचा असतो. पुण्यात 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने उपचारांना गटातल्या मोकळ्या बोलण्याची जोड दिली, आणि ती मराठीत नीट रुजली.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. वरूडमध्ये सगळेच एकमेकांना ओळखतात, संत्र्याच्या हंगामात तर बाजारात रोज गाठ. तिथे निनावी राहायचं कसं? पण पिणारा माणूस गावात निनावी असतो कुठे? त्याचं पिणं चौकाला ठाऊकच असतं. गावाला ठाऊक नसते ती त्याची सोडण्याची धडपड, आणि बैठक झाकते ती तेवढीच. शिवाय एएच्या परंपरेप्रमाणे, न पिण्यासाठी दोन-तीन मद्यपी एकत्र बसले तरी तो गट होतो. म्हणून बैठक शोधणाऱ्याला गावात ती सापडली नाही, तर त्याला आणखी एकच माणूस शोधायचा असतो. अ‍ॅक्रनमध्येही दोघेच होते.