पंधरा दिवसांत दहा किलो? पोट मारून वजन उतरवण्याआधी हा हिशेब बघा

लग्नसराई तोंडावर आली की गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वजन कमी करण्याचे तक्ते फिरायला लागतात. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, रात्री वाटीभर सूप आणि खाली ठळक अक्षरात ‘१५ दिवसांत १० किलो कमी’. हाच तक्ता लग्न ठरलेली मुलगी पाळते, बाळंतपणानंतर अंग सुटलेली सून पाळते, भरतीसाठी पळणारा पोरगा पाळतो आणि शुगरची गोळी चालू असलेले आजोबाही पाळतात.

वजन जास्त असेल तर ते कमी करायलाच हवे, यात वाद नाही. वाढलेले वजन मधुमेह, रक्तदाब आणि गुडघेदुखी सोबत घेऊन येते. पण खाणे एकदम तोडून वजन उतरवायला गेले तर अंगाचे काय होते, हे तक्त्यावर कुठेच लिहिलेले नसते.

आधी साधे गणित

अन्नातून मिळणारी ऊर्जा कॅलरीत मोजतात. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ३४० कॅलरी असतात. मोठा चमचाभर तेलात १२० आणि चहाच्या चमचाभर साखरेत २० कॅलरी असतात.

अंगावरची एक किलो चरबी जाळायची तर साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. दहा किलोला झाल्या ७७,०००. पंधरा दिवसांनी भागले तर रोजची तूट येते ५,१०० च्या वर. आता खर्च बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार ६५ किलो वजनाच्या, जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० कॅलरी लागतात. म्हणजे दिवसभर कष्ट करणारा गडी नुसत्या पाण्यावर राहिला, तरी पंधरा दिवसांत दहा किलो चरबी जाऊ शकत नाही.

मग काटा खाली येतो तो कशाने? पहिल्या आठवड्यात उतरते ते मुख्यतः पाणी. लिव्हर आणि स्नायूंमध्ये शरीराने साखरेचा साठा ठेवलेला असतो. या साठ्याच्या एका ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे तोडले की साठा संपतो आणि पाणीही निघून जाते. पुन्हा दोन दिवस नीट जेवले की ते वजन परत येते. पाण्याशिवाय जे जाते त्यात चरबी असते, पण तिच्याबरोबर स्नायूही झिजतात.

तक्ता बैठ्या माणसाचा, काम शेतातले

मोबाईलवर येणारे बहुतेक तक्ते खुर्चीत बसून काम करणाऱ्यासाठी बनवलेले असतात. शेतात राबणाऱ्या बाईने तोच पाळला तर तूट कितीतरी मोठी होते. पोषण संस्थेच्याच आकड्यांनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला बैठ्या कामात रोज १,६६० कॅलरी लागतात, मध्यम कामात २,१३० आणि जड कामात २,७२०.

समजा तक्ता ८०० कॅलरींचा आहे. घरी बसलेल्या बाईला ८६० कॅलरी कमी पडतील. खुरपणी, वेचणी करून वर घरचा स्वयंपाक-पाणी करणारीला १,३०० च्या पुढे. मोळ्या वाहणारीला १,९०० च्या पुढे. तक्ता एकच, पण तिसरीचे निम्म्याहून जास्त अन्न तोडलेले असते.

त्यात अंगात रक्त आधीच कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईने डाळ, भाकरी, पालेभाजी सोडून काकडीवर राहायचे म्हणजे आटत आलेल्या विहिरीवर आणखी एक मोटर बसवण्यासारखे आहे.

अंगात काय काय होते

ज्याच्या दावणीला दुभते जनावर आहे त्याला हे लवकर कळेल. म्हशीची पेंड निम्म्यावर आणली तर ती त्याच दिवशी आटत नाही. काही दिवस ती स्वतःच्या अंगावरचे उतरवून दूध देते. मग बरगड्या दिसतात, दूध तुटते आणि ती माजावरही वेळेवर येत नाही. माणसाच्या शरीराचा मार्ग फार वेगळा नाही.

स्नायू: गरजेपेक्षा फार कमी खाल्ले, त्यातही डाळी-दूध-अंडी बंद केली, की शरीर स्नायू तोडून ऊर्जा काढते. हातापायातली ताकद जाते. स्नायू कमी झाले की बसल्या जागी होणारा कॅलरींचा खर्चही घटतो.

पित्ताचे खडे: चरबी वेगाने वितळते तेव्हा पित्तात कोलेस्टेरॉल वाढते. जेवणच नसल्याने पित्ताशय रिकामे होत नाही आणि खडे धरतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरले तर हा धोका बराच वाढतो.

हृदय: पोटॅशियम, मॅग्नेशियमसारखे क्षार घटले की ठोके बिघडतात. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्त घातक, कारण आपल्याला पाणी आणि मीठ जेवणातूनही मिळत असते.

पाळी आणि हाडे: शरीराला दुष्काळ पडलाय असे वाटले की पाळी लांबते किंवा बंद होते. हे बरेच महिने चालले तर हाडे ठिसूळ होतात.

केस: खाणे तोडल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात. तोवर लग्न होऊन गेलेले असते आणि दोष पाण्याला किंवा शाम्पूला दिला जातो.

मन: चिडचिड, झोप उडणे, सारखे खाण्याचेच विचार. जिभेचा ताबा नाही म्हणून माणूस स्वतःलाच बोल लावतो. खरे तर ती उपाशी शरीराची हाक असते.

हे माणसांवर पाहिलेले आहे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे रोज साधारण १,६०० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालायला लावले. त्यांचे वजन जवळपास पाव हिस्सा घटले. सोबत अशक्तपणा, सतत थंडी वाजणे, उदासी आणि रात्रंदिवस अन्नाचे वेड आले. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की आज फिरणारे कित्येक तक्ते त्या उपासमारीच्या प्रयोगापेक्षाही कमी खायला सांगतात.

१९७० च्या दशकात अमेरिकेतच फक्त प्रथिनांचे द्रव पिऊन वजन कमी करण्याची लाट आली होती. त्या काळात असा आहार घेणाऱ्या सुमारे ६० जणांच्या मृत्यूची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणांकडे झाली. काहींच्या हृदयाचे ठोके बिघडल्याचे तपासात दिसले.

वजन परत का येते, याचेही उत्तर मिळाले आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेत झपाट्याने वजन उतरवलेल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेकांचे वजन बरेचसे परत आलेले होते. आणि त्यांचे शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होते.

तालमीतले पैलवान आणि भरतीची पोरं

वजनगटात बसण्यासाठी कुस्तीच्या आधी खाणे-पाणी तोडण्याची पद्धत जुनी आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या दिवशी ५० किलो गटात १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही वजन बसले नाही, आणि अंगातले पाणी घटल्याने तिच्यावर उपचार करावे लागले. तिच्या पाठीशी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. गावच्या मैदानात उतरणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराजवळ तेही नसतात. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभरात तीन कॉलेज कुस्तीपटू वजन उतरवताना दगावले, त्यानंतर तिथले नियम बदलले.

भरतीसाठी पळणाऱ्यांचेही तेच. पोट रिकामे ठेवून पळाल्याने वेळ सुधारत नाही. पायातली ताकद जाते आणि चक्कर येऊन पडण्याची वेळ येते.

गोळ्या चालू असतील तर

सगळ्यात तातडीचा धोका इथे आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या चालू असताना जेवण तोडले तर रक्तातली साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातपाय थरथरणे, छातीत धडधड, मग बरळणे आणि बेशुद्धी. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्यावी आणि नंतर खायला द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर उपास केला तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या, त्यातही लघवी वाढवणाऱ्या, आहेत तेवढ्याच चालू ठेवून खाणे कमी केले तर दाब घसरून पडायला होते. नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्यांनीही गोळ्यांचे डॉक्टरांना आधी विचारलेले बरे. गोळी मनाने बंद करणे हेही तितकेच घातक.

यांनी हा मार्ग धरूच नये

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढीच्या वयातली मुले-मुली, म्हातारी माणसे, टीबीचे उपचार चालू असलेले, किडनी-हृदयाचा आजार असलेले. बाळंतिणीला तर पहिले सहा महिने नेहमीपेक्षा रोज ६०० कॅलरी जास्त लागतात.

वजन खरेच जास्त आहे का, हेही आधी बघावे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फुटांची मुलगी ५० किलोची असेल तर उत्तर २२ येते. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी १८.५ ते २३ च्या आत ठीक मानतात. म्हणजे तिला काहीच उतरवायचे नाही, मग पाहुणे काहीही म्हणोत.

डॉक्टर देतात ते वेगळे

८०० कॅलरींच्या आसपासचा आहार काही रुग्णांना डॉक्टरही देतात. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेहींना काही महिने साधारण ८५० कॅलरींवर ठेवले होते. २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा वर्षभराने १०० पैकी ४६ जणांची साखर औषधाविना आटोक्यात होती. पण त्यांना सर्व पोषकद्रव्ये मोजून घातलेले पेय दिले जात होते, मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या सुरुवातीलाच थांबवल्या होत्या आणि नियमित तपासणी होती. काकडी-सुपाच्या तक्त्याला यातले काहीच नसते.

मग वजन उतरवायचे कसे

रोज साधारण ५०० कॅलरी कमी केल्या तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते. सहा महिन्यांत वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी साखर आणि दाबावर चांगला परिणाम दिसतो.

या ५०० कॅलरी भाकरीला हात न लावता काढता येतात. दिवसात पाच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर असेल तर तिथेच २०० कॅलरी आहेत. भाजीतले मोठा चमचाभर तेल कमी केले की १२०. स्टँडवरचा वडा-भजी किंवा बिस्किटाचा पुडा सोडला की उरलेले भागतात. ताटात वरण किंवा उसळ, ताक-दही, जमत असेल तर अंडे, आणि पालेभाजी वाढवावी. उपासाची साबुदाणा खिचडी हलकी समजू नये, तिच्यात शेंगदाणे आणि तूप भरपूर असते. शेतात ज्या दिवशी जड काम असेल त्या दिवशी खाणे तोडू नये.

सुरुवात करण्याआधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, दाब, साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर आधी रक्त वाढवावे, मग वजनाचे बघावे.

उपाशी राहून चक्कर येत असेल, ठोके चुकल्यासारखे वाटत असेल, उजव्या बरगडीखाली कळ येत असेल किंवा पाळी थांबली असेल तर थांबून डॉक्टरांना दाखवावे. आठ-दहा दिवस जवळपास काहीच न खाल्लेल्या माणसाला एकदम भरपेट गोडाधोडाचे वाढू नये. त्याने क्षार घसरून जीवावर बेतू शकते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे थोडे सुरू करावे.

घरातली मुलगी बारीक असूनही स्वतःला जाड म्हणत असेल, जेवण लपवून टाकत असेल किंवा जेवून मुद्दाम उलटी काढत असेल, तर तिला रागावून उपयोग नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.