दीड किलोमीटरची तार आणि दीडशे किलोमीटरची वाट

मार्च १९०५. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन या प्राध्यापकाने एका माणसाच्या हृदयातल्या विजेची नोंद टेलिफोनच्या तारेवरून घेतली. माणूस रुग्णालयात होता आणि यंत्र दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत. यंत्र रुग्णापर्यंत नेण्याची सोयच नव्हती. त्याचे वजन सुमारे २७० किलो, ते चालवायला पाच माणसे लागत आणि त्यातले विद्युतचुंबक तापू नयेत म्हणून पाणी खेळवत ठेवावे लागे. रुग्णाला उचलून तिथवर नेणेही दर वेळी शक्य नव्हते. म्हणून मग तार टाकली. पुढच्या वर्षी आइन्थोव्हेनने या प्रयोगावर लेख लिहिला आणि अशा नोंदीला ‘टेलिकार्डिओग्राम’ हे नाव दिले.

त्याच दशकात गोंदियाहून नागभीडकडे नॅरोगेज रेल्वे आली आणि वैनगंगेकाठचे वडसा तिच्या वाटेवर आले. तालुक्याचे सरकारी नाव देसाईगंज, पण स्टेशनाच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी वडसाच. १९८२ साली चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्यानंतर कितीतरी वर्षे या जिल्ह्याला रेल्वे माहीत होती ती वडशापुरतीच. धानाचा व्यापार, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालये आणि दवाखान्याच्या फायली घेऊन निघालेली माणसे, हे सारे या एका स्टेशनाभोवती फिरत आले. नागपूर इथून जवळपास दीडशे किलोमीटर. नागभीडला उतरायचे, छोटी गाडी पकडायची आणि तिच्या चालीने नागपूर गाठायचे. ती नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ साली ब्रॉडगेजसाठी बंद झाली.

हृदयरोगाच्या निदानाचा इतिहास वडशातून पाहिला तर तो अंतराचा इतिहास वाटतो. छाती आणि कान यांच्यातले अंतर, रुग्ण आणि यंत्र यांच्यातले अंतर आणि यंत्रातून निघालेला कागद व तो वाचणारा यांच्यातले अंतर. पहिली दोन बरीच मिटली. तिसरे मात्र परवापरवापर्यंत तसेच होते.

यंत्रांच्या कितीतरी आधी बोटे होती. चरकसंहितेत हृदयाची गणना तीन प्रमुख मर्मांत आहे आणि हृद्रोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि कृमिज. नाडी पाहण्याची पद्धत मात्र चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत आढळत नाही. ती तपशीलवार येते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. नदीकाठी वाढणाऱ्या अर्जुनसादड्याची साल हृदयरोगावर देण्याची परंपराही अशीच जुनी. वैद्याची बोटे मनगटावर टेकत तेव्हा ती एक खरी गोष्ट टिपत होती. ठोक्यांची गती, त्यांचा नियमितपणा, लाटेचा जोर. नाडी पूर्णपणे अनियमित असेल, म्हणजे एका ठोक्याचा दुसऱ्याशी काही मेळच नसेल, तर आजचा डॉक्टरही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची थरथर गृहीत धरूनच पुढची तपासणी सांगतो.

पण रक्त जाते कुठे, याचे उत्तर १६२८ साली आले. विल्यम हार्वेने साधा हिशेब मांडला. एका ठोक्याला थोडेसेच रक्त बाहेर पडते असे धरले, तरी अर्ध्या तासात त्याची बेरीज शरीरातल्या सगळ्या रक्तापेक्षा जास्त होते. इतके रक्त दर अर्ध्या तासाला नव्याने तयार होणे अशक्य. म्हणजे तेच रक्त फिरत असले पाहिजे. आज आपण जाणतो की हृदय म्हणजे एका भिंतीने वेगळे केलेले दोन पंप. उजवा पंप अशुद्ध रक्त फुप्फुसात पाठवतो, डावा पंप शुद्ध रक्त सगळ्या शरीराला देतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरते आणि दिवसाला साधारण एक लाख ठोके पडतात. चार झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत, बांधीतले पाणी मोरीतून एकाच दिशेने सोडावे तशा. झडपा मिटतात तेव्हा ‘लब-डब’ उमटतो.

हा आवाज नीट ऐकण्यासाठी छाती आणि कान यांच्यात काहीतरी असावे, हे १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेकला सुचले. तरुण स्त्री रुग्णाच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर आणि दुसरे कानाला लावले. आवाज नुसत्या कानाने येतो त्याहून स्पष्ट आला. लेनेक बासरी वाजवत असे आणि लाकडाच्या कामात त्याचा हात बसलेला होता. पुढे त्याने लाकडी नळकांडे घडवले. दोन कानांचा स्टेथोस्कोप आला तो १८५० नंतर. गळ्यातला हा स्टेथोस्कोप दोनशे वर्षांनी आजही आडगावच्या डॉक्टरचे सर्वांत भरवशाचे साधन आहे, कारण त्याला वीज लागत नाही आणि झडपेचा बिघाड तो लगेच ऐकवतो. लहानपणी घशाचा जंतुसंसर्ग होतो, त्यावर पुरते उपचार होत नाहीत, सांधे सुजतात आणि पुढे काही वर्षांनी झडप अरुंद झालेली आढळते. संधिवाताच्या तापातून येणारा हा हृदयरोग गरिबीत आणि दाटीवाटीत वाढतो. वेळीच कळला तर पेनिसिलिनच्या ठरावीक अंतराने दिलेल्या इंजेक्शनांनी पुढची हानी बरीच टाळता येते.

पूर्व विदर्भात मात्र कानाला एक खास अडचण येते. १९५८ साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला, तेव्हापासून या भागात हा आजार किती पसरलेला आहे हे वैद्यकाला ठाऊक आहे. सिकलसेलने रक्त कमी झालेल्या मुलाचे हृदय जोराने धडधडते आणि रक्ताच्या वेगामुळेच एक अधिकचा आवाज ऐकू येतो. झडप ठणठणीत असते, तरी कानाला ती बिघडल्यासारखी वाटते. म्हणून या भागात छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्याने पापण्यांच्या आतला फिकटपणाही पाहिला पाहिजे आणि रक्ताचा अहवालही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुले तपासतात. जन्मजात हृदयदोष आणि संधिवाताचा हृदयरोग, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत.

रक्तदाबाची गोष्ट तर जंगलाशीच जोडलेली. रीव्हा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून वरचा व खालचा दाब ऐकायची रीत सांगितली. सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वेड आणि झोप न येणे यांवर देत आले होते. पट्टा हाती आल्यावरच तिचा दुसरा गुण मोजता आला. १९३१ मध्ये कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असे लिहिले. मग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर काळजीपूर्वक चाचणी घेऊन १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये लेख लिहिला आणि ही मुळी जगभर पोचली. त्यासाठी १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईचेच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी १९६९ मध्ये शवासनाने रक्तदाबावर काय परिणाम होतो हे सहकाऱ्यांसह मोजून दाखवले. जुन्या उपायाला दाद द्यायची तर तो मोजलाच पाहिजे, ही या दोघांची शिस्त मोलाची आहे.

आता वीज. १९०७ साली आर्थर कीथ आणि त्याचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांना चिचुंद्रीसारख्या जमिनीखाली राहणाऱ्या मोल नावाच्या प्राण्याच्या हृदयात ठोका जिथून सुरू होतो ती इवलीशी गाठ सापडली. उजव्या वरच्या कप्प्यातल्या या गाठीतून निघालेली वीज आधी वरच्या कप्प्यांत पसरते, मध्ये क्षणभर थबकते आणि मग खालच्या कप्प्यांत धावते. या विजेच्या कागदावरच्या नोंदीत, म्हणजे ईसीजीत, पहिला लहान उंचवटा वरच्या कप्प्यांचा, मधला टोकदार सुळका खालच्या कप्प्यांचा आणि शेवटचा गोल उंचवटा स्नायू पुन्हा तयार होण्याचा. या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे आइन्थोव्हेननेच दिली. १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळाले. त्याच्या काळात रुग्णाचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत.

आज ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढतात ते पाहण्यासारखे असते. उजव्या मनगटाला लाल चिमटा, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्याला काळा. छातीवर रबरी फुगे दाबून सहा जागी चिकटवायचे. रोवणीच्या दिवसांत बांधीतून थेट आणलेल्या माणसाची छाती घामाने भिजलेली असते, फुगे निसटतात. म्हणून आधी दुपट्ट्याने छाती पुसायची, मग जेली लावायची. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. त्यावरचा एक लहान चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. रुग्ण थंडीने कापत असेल किंवा त्याने मूठ आवळली असेल तर रेघ थरथरते आणि वाचणारा फसतो. हा कागद उष्णतेने उमटणारा असतो. प्लॅस्टिकच्या फायलीत, पत्र्याच्या घरात ठेवला की दोन-चार उन्हाळ्यांत त्यावरचे उंचवटे पुसट होतात आणि रुग्णाचा जुना पुरावाच नाहीसा होतो.

हृदयाच्या स्वतःच्या धमनीत रक्ताची गाठ अडकली की तिच्यामागचा स्नायू मरू लागतो. त्यातून माणूस वाचू शकतो आणि जिवंतपणीच त्याचे निदान करता येते, हे शिकागोच्या जेम्स हेरिकने १९१२ मध्ये मांडले. ही धमनी डोळ्यांनी पाहता आली ती चुकीतून. १९५८ साली क्लीव्हलँडमध्ये मेसन सोन्स एका झडपेची तपासणी करत असताना नळी सरकली आणि रंगद्रव्य थेट हृदयाच्या धमनीत गेले. हृदयाचे ठोके थांबले. रुग्णाला त्याने खोकायला सांगितले आणि ठोके पुन्हा सुरू झाले. अँजिओग्राफीची सुरुवात ती. त्याच्या पाच वर्षे आधी स्वीडनमधल्या लुंड येथे एड्लर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिले होते. आजची इको तपासणी तिथली. वडशाच्या रुग्णाला मात्र या तपासण्यांसाठी दूर जावे लागले. मूल होताना अडले किंवा हाड मोडले तर पुलापलीकडचे ब्रह्मपुरी जवळ होते, पण अँजिओग्राफी म्हटली की नागपूर किंवा सेवाग्राम.

गडचिरोलीने निदानाच्या इतिहासात स्वतःचीही भर घातली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचे एक साधे उपकरण तयार केले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा सुइणींनीही ते अचूक वापरले. याच संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघरी चौकशी केली. शेवटच्या दिवसांत काय झाले, बोलणे अडखळले होते का, छातीत दुखले का, हे नातेवाइकांना विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याची ही रीत. त्यातून निघाले की दर सात मृत्यूंपैकी एकामागे पक्षाघात होता. म्हणजे वाढलेला रक्तदाब या गावांत कधीच शिरला होता, तो मोजायला कोणी गेले नव्हते. दुर्गम भागातली माणसे कष्ट करतात, त्यांना शहरी रोग होत नाहीत, ही समजूत या आकड्याने मोडली पाहिजे. घराघरांत तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला जातो तिथे तर ती आणखीच धोक्याची. डॉ. बंग यांना स्वतःला पंचेचाळिशीच्या सुमारास हृदयविकार झाला आणि ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या त्यांच्या पुस्तकामुळे हा विषय असंख्य मराठी घरांत बोलला गेला.

कागद आणि वाचणारा यांच्यातले ते तिसरे अंतर आता मोबाईलने मिटू लागले आहे. आडगावचा डॉक्टर ईसीजीचा फोटो काढून नागपूरच्या तज्ज्ञाला पाठवतो, काही मिनिटांत उत्तर येते. राज्याच्या आरोग्य विभागाने अनेक जिल्ह्यांत ‘स्टेमी’ या हृदयविकाराच्या झटक्यासाठीच्या उपक्रमातून हीच व्यवस्था अधिकृतपणे उभी केली. फायदा उघड आहे. गाठ विरघळवणारे औषध पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत चांगले काम करते, बारा तासांनंतर त्याचा उपयोग जवळपास संपतो. नागपूरला पोचेपर्यंत थांबण्यापेक्षा ते जवळच्या रुग्णालयातच सुरू करणे अनेकदा हिताचे ठरते.

एवढे सगळे असूनही वेळ वाया जातो तो घरीच. छातीत कळ येते, ‘गॅस झाला’ म्हणून सोडा घेतला जातो, रात्र काढली जाते. मधुमेह असलेल्या अनेकांना आणि पुष्कळ स्त्रियांना छातीत दुखतही नाही. नुसती धाप, घाम, मळमळ, जबडा किंवा डाव्या हाताला जडपणा. असे काही पंधरा-वीस मिनिटे टिकले तर १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. पहिला ईसीजी ठीक आला तरी लगेच घरी परतू नये, तो पुन्हा काढावा लागतो आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करावी लागते. घरी आल्यावर त्या कागदाची झेरॉक्स काढून, तारीख घालून ठेवावी. पुढच्या डॉक्टरला तिचा उपयोग होतो.